टोरीच्या तेलाचा कोट

माझ्या कोटानं पाऊण कोस सायकल चालवली, आणि तेव्हा मी कोटात नव्हतो. घ्या! यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. सहा वर्षं मी ही गोष्ट तोंडानं सांगतोय आणि सहा वर्षं लोक पोट धरून हसतायत. त्यात सगळ्यात मोठ्यानं हसतो तो आमचा शेजारी वारलू. म्हणून आता कागदच काढला. दसरू माझं नाव, चौथी पास. गोंडपिपरीत मी ज्याला फसवलं नाही असा माणूस नाही, पण ते तोंडानं. कागदावर आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, एवढी अक्कल मला आहे.

वारलू आत्ताही ओट्यावर बसलाय. एक पान झालं की वाचून दाखव म्हणतो. माझी बायको गुणाबाई सुपात लाखोळीची डाळ घेऊन खडे वेचते आहे. तिच्याशेजारी अमिनाबाई बसली आहे, इनायत शिंप्याची बायको. गाडगं परत करायला आली आणि बसली. बसू द्या. तिच्या नवऱ्यानं माझा कसा घात केला ते तिनंही ऐकावं. पुरुषापुरुषांचं बोलणं बंद आहे, बायकांचं गाडगं-सूप चालूच आहे.

"भाऊ, कोट पायडल मारून राह्यला होता का नुसता बसला होता?" वारलू विचारतो.

"चूप बस बे. आधी सायकल, मंग कोट."

सायकल ठेकेदाराची. सागवानाचा मोठा ठेका होता त्याचा, गावात लाकडाचा डेपो, आणि जंगलात बारा मैलांवर तोडीचा पडाव. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, आता मुंबईचे झालो. जंगल कुठंच गेलं नाही. तर जंगलातून लाकूड हलवायचं म्हणजे शिक्क्याचा पास लागतो. पास नसला की भरलेली बैलबंडी जागची हलत नाही, हलली तर नाक्यावर जप्त. हे पास डेपोतून पडावावर पोचवायचे, हे माझं काम. एक दिवसाआड खेप. आणि त्यासाठी मला सायकल दिली होती, हिरवी, घंटीवाली. ठेकेदाराचा शब्द होता, तीन वर्षं नीट चालवलीस तर सायकल तुझी.

आता तुम्ही म्हणाल सायकल ती काय. पन्नास वर्षं लोक मला 'दसऱ्या' म्हणत होते. सायकल आली आणि त्याच लोकांच्या तोंडात 'दसरूभाऊ' आलं. माझी सख्खी सासूसुद्धा पदर सावरून उठायला लागली. शब्द पुरा व्हायला दोनच महिने उरले होते, आणि पौषात झड लागली.

पावसाळ्यातल्या पावसाचं माझं काही म्हणणं नाही. पावसाळ्यात मी कपडे डेपोत काढून ठेवायचो आणि लंगोटीवर जायचो. कातडं भिजतं, कातडं वाळतं. पण पौषातला पाऊस! तो वरून पडत नाही हो, समोरून येतो. त्यात वारा, आणि सायकलवर माणूस स्वतः होऊन त्या वाऱ्याच्या तोंडात घुसतो. बोटं अशी होतात की घंटी वाजवली तर कळत नाही घंटी वाजली का बोट तुटलं. शेकोटीपाशी बसून पावसाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक माणसाला एकदा पौषात त्या रस्त्यावर सायकलवर बसवला पाहिजे. उघडा.

पहिल्या खेपेला मी घोंगडी घेतली. आमच्या बापाची घोंगडी, काळी, जाड. दोन मैल बरं वाटलं. तिसऱ्या मैलाला तिनं पाणी प्यायला सुरुवात केली. रस्त्यात जेवढं पाणी होतं तेवढं सगळं प्याली, मागं रस्ता कोरडा पडत गेला.

"आता!" वारलू.

"विचार त्या रस्त्याले."

सहाव्या मैलाला ती म्हशीच्या रेडकाएवढी जड झाली आणि तिचं टोक गेलं मागच्या चाकात. मी नाल्यात, सायकल माझ्यावर, घोंगडी दोघांवर. पास भिजून लगदा झाले. खेप गेली.

दुसऱ्या खेपेला म्हटलं, आपल्या बाया काय वेड्या आहेत का? धानाच्या बांधीत दिवसभर पावसात वाकतात आणि पाठ कोरडी ठेवतात. मी इरलं घेतलं, बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांचं. डोक्यापासून कमरेपर्यंत. फुकटातलं. पण बांधीत माणूस वाकून उभा असतो, वारा पाठीवरून जातो. सायकलवर वारा शिरतो इरल्याच्या खालून. उतारावर आलो आणि इरल्यानं मला उचललं, सायकलसकट. खाली सागाचे शेंडे दिसत होते, देवाशपथ. वाऱ्यानं मला एक गिरकी दिली आणि पुन्हा रस्त्यावर ठेवलं. मी मुकाट्यानं पायडल मारत राहिलो. बारा मैल झाले, पडाव काही येईना. आला तो आमचा डेपोच. वाऱ्यानं मला उलट्या तोंडानं ठेवलं होतं!

डेपोच्या दारात दिवाणजी उभा. ठेकेदाराचा हा दिवाणजी म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस, लोकरीचा कोट, वरून मफलर, वरून छत्री, आणि बसायचा कुठे तर खोलीत, शेगडीपाशी.

"इतक्या लवकर परत?" म्हणाला. मग माझ्या पिशवीतले पास पाहिले आणि आवाज चढला. "दोन खेपा गेल्या दसरू. तिकडे चाळीस बंड्या उभ्या आहेत. परवाची खेप चुकली तर सायकल झिंगूला देतो. जवान पोरगा आहे, त्याला थंडी वाजत नाही."

"मले अंगावर घालाले काही द्या ना जी. तुमच्या अंगावर तीन-तीन हायेत."

"तुझ्या अंगावर काय असावं हे ठेकेदाराच्या करारात नाही."

करारात नाही! सायकलला तेल करारात, सायकलच्या सीटवर पावसात टाकायला टोपडं करारात. सीट भिजली तर खराब होते म्हणे. सीटवर बसणारा भिजला तर तो वाळतो. मला त्या दिवशी असा राग आला की अंगावरच्या पाण्याची वाफ झाली. आणि झिंगू! ज्याला मी स्वतः सायकल शिकवली, जो अजून उतरायचं असलं की झाड शोधायचा, त्या झिंगूला माझी सायकल!

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. मी ठरवून निघालो, अंगावर घालायला काहीतरी घेतल्याशिवाय परतायचं नाही. गुणाबाई बरोबर होती, तिला घाण्यावरून टोरीचं तेल आणायचं होतं.

आधी गेलो नागपूरच्या व्यापाऱ्याकडे. त्याच्याकडे रबराची बरसाती होती, काळी, चमकणारी. घालून पाहिली. पाणी आत जाणार नाही हे खरं, पण माझा घामही बाहेर जाईना. दुकानातल्या दुकानात चार पावलं टाकली तर बाहेरून कोरडा, आतून चिंब. सायकल हाणल्यावर तर मी आत पोहलोच असतो. तरी घेतली असती, पण किंमत ऐकली आणि त्या घामात थंडी वाजली. माझा दीड महिन्याचा पगार. व्यापारी म्हणतो, "सस्तेमें चाहिए तो छाता ले लो." एका हातात छत्री धरून बारा मैल सायकल चालवणारा माणूस त्यानं मला दाखवावा. मी म्हटलं, "तुझ्या बापानं चालवली होती का?" आणि बरसाती काढून त्याच्या तोंडावर टाकली. म्हणजे गादीवर टाकली. जोरात टाकली.

मग गेलो कय्यूमकडे. कय्यूम जुने कपडे विकतो. लढाई संपली तशी मिलिटरीचे गठ्ठेच्या गठ्ठे बाजारात आले, त्यातला शेवटचा एक कोट त्याच्याकडे उरला होता. खाकी लोकर, पितळी बटणं, घोट्यापर्यंत लांब.

"दसरूभाऊ, हा आफ्रिकेच्या लढाईतून आला," कय्यूम म्हणाला.

"आफ्रिकेत पाऊस कुठी पडते बे? मले पावसातला पायजे."

कय्यूमनं कोट उलटा केला. "मंग हा बर्माचा घ्या."

छातीवर एक गोल भोक होतं. मी त्यात बोट घातलं.

"कसर लागली जी," कय्यूम म्हणाला.

"कसर येकच घास घेऊन मरून गेली का?"

त्या भोकामुळे तो माझ्या ऐपतीत बसला. ज्याच्या छातीत ते पडलं त्याला हात जोडले आणि कोट घेतला.

आता तो कोट तसाच घालून सायकलवर बसलो असतो तर घोंगडीचंच रामायण पुन्हा झालं असतं. म्हणून गेलो इनायतकडे. आमच्या गावात एकच शिंपी असा होता की ज्याला जाड कापडाची सुई धरता यायची. ठेकेदाराचे तंबू, बंड्यांवरची पांघरुणं, सगळं तोच शिवायचा. लहानपणी आम्ही एकाच आंब्याला दगड मारले आहेत. म्हणून तर राग जास्त येतो. परक्यानं मारलं तर माणूस अंग चोळतो, घरच्यानं मारलं तर छाती.

इनायतनं कोट पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाला, "सायकल आत घे."

"सायकलीले काऊन माप?"

"तुहंच माप घेतो बाप्पा. सायकलवर बसून दे. उभ्या माणसाचा कोट बसल्या माणसाले काय कामाचा?"

त्यानं सायकल भिंतीला टेकवली, मला वर बसवलं, हात दांडीवर ठेवायला लावले आणि भोवती फिरला. म्हणाला, "सायकलवाला पाठीनं नाई भिजत, दसरूभाऊ. आधी मांडीनं भिजते, मंग बोटानं." दोन तासांत त्यानं कोट फाडला आणि पुन्हा जोडला. शेपूट कापलं, चाकात जायला काही ठेवलंच नाही. कापलेल्या लोकरीतून बाह्या वितभर लांब केल्या, इतक्या की बोटं झाकून दांडीसुद्धा मुठीत यावी. मांडीवर दुहेरी थर. छातीवरचं भोक बुजवलं. आणि वरून सगळ्या कोटाला मांजरपाटाची खोळ. बाही दांडीपर्यंत वळलेली, पाठ वाकलेली, बसायच्या जागी बाक दिलेला. खुंटीला टांगला तर वाटावं कोणी अदृश्य माणूस सायकल चालवतो आहे. काम चोख होतं. चोख कामाला मी नाव ठेवत नाही.

घात केला तो पुढं. मी विचारलं, "पाणी आत नाई येणार ना?"

इनायत म्हणाला, "मांजरपाटाले तेल पाज. मंग पाहा पाणी कसं घरंगळते."

बस. एवढंच. 'तेल पाज.' कोणतं तेल पाजायचं, हे सांगितलं नाही! ज्या माणसानं उभं आयुष्य तंबूंना तेल पाजण्यात घालवलं, त्यानं तेलाचं नाव घेतलं नाही. मी हे वाचून दाखवताना अमिनाबाई खाली पाहत होती. गुणाबाईचा हात डाळीत थांबला. खडा सापडला असेल.

घरी आलो. तेल घरात होतंच, टोरीचं, गुणाबाईनं त्याच दिवशी आणलेलं गाडगं. टोरी म्हणजे मोहाचं बी. आपल्याकडे कोणाच्या घरात नाही? दिव्याला तेच, फोडणीला तेच, भेगाळलेल्या टाचेला तेच. जवसाच्या तेलाला तीन दिवस ऊन दाखवावं लागतं, आणि ऊन होतं कुठं? सकाळी खेप होती. गाडगं चुलीपाशी ठेवून पातळ केलं आणि अख्खं कोटाला पाजलं. कोट प्याला. शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही.

सकाळी निघालो. पास छातीवरच्या आतल्या खिशात. पाऊस होता, वारा होता, आणि मला काही लागत नव्हतं! पाणी कोटावरून असं घरंगळत होतं जसं बदकावरून. मी मोठ्यानं दिवाणजीला शिव्या दिल्या, झिंगूला दिल्या, रस्त्यावर एक कोल्हा दिसला त्यालाही एक दिली. चार मैल मी राजा होतो.

पाचव्या मैलाला नाक खाजलं. हात उचलायला गेलो तर हात येईना.

टोरीचं तेल थंडीत थिजतं. शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हिवाळ्यात गाडग्यातून बोटानं खरवडून काढतो आपण. तेच तेल कोटात थिजलं. बाह्या लाकूड झाल्या. पाठ लाकूड. कॉलर मानेला अशी भिडली की मान वळेना. कोट इनायतनं सायकलच्या मापाचा शिवलेला, म्हणून मी सायकलवर बसल्या आकारात गोठलो. पाय तेवढे मोकळे. उतरता येईना, थांबता येईना, ब्रेक दाबता येईना. फक्त चालवता येत होतं.

दहाव्या मैलाला वळण आलं. मी वळलो नाही.

"मंग?" वारलू पुढं सरकला.

"मंग काय? माह्या शिव्या ऐकून रस्ताच सरळ झाला. आता जाऊन पाय, तिथी वळण नाई."

वळण संपलं तिथं मोहाची झाडं. आणि मोहाचा वास कोणाला सगळ्यात जास्त आवडतो? अस्वलाला. पौषात मोहाला फूल नाही, फळ नाही, उपाशी बसलेलं अस्वल. त्याच्यासमोरून मोहाचा अख्खा कोट निघालेला. आलं मागं. मला मागं वळून पाहता येत नव्हतं, पण पाठीला कळत होतं. जीभ! कोट चाटत चाटत धावत होतं. मी ओरडलो, "अबे, पाठ चाट, छाती नको चाटू, तिथी पास हायेत!" आणि एक सांगतो, त्याच्या त्या गरम जिभेनं माझी पाठ थोडी मोकळी झाली. दिवाणजीनं जे केलं नाही ते अस्वलानं केलं.

पण ते चढू लागलं कॅरिअरवर. तेव्हा मी विचार केला, दसरू, कोट वाचव का कातडी वाचव. सायकल तर हवीच, पण ती चालवायला दसरू लागतो. मी श्वास सोडला, पोट आत घेतलं, आणि जसं शेंगेतून दाणा निसटतो तसा कोटाच्या खालून निसटलो. पडलो गवतात, अंगावर लंगोटी. समोर पाऊण कोसाचा उतार, थेट पडावापर्यंत.

आणि माझा कोट चालला! बाह्यांनी दांडी धरलेली, पाठ वाकलेली, सीटवर ताठ बसलेला, डोकं नाही. मागून अस्वल. घंटी वाजत होती. कोण वाजवत होतं ते मी आजपर्यंत सांगू शकलो नाही, कारण मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहीत नसतो.

पडावावरच्या लोकांनी पाहिलं. बिनडोक्याचा दसरू येतोय, मागं अस्वल. त्यांनी हिशेब केला की डोकं अस्वलानं खाल्लं आणि उरलेला दसरू कामावर आला. चाळीस बंडीवाले चाळीस झाडांवर. बैलांनी दावी तोडली. सायकल शेवटी ओंडक्यांच्या ढिगाला टेकून थांबली. अस्वलानं तेवढी माणसं झाडांवर पाहिली आणि लाजून निघून गेलं.

दिवाणजी नेमका त्या दिवशी जीपनं पडावावर आलेला. मी धावत पोचलो तेव्हा तो कोटापुढं उभा राहून कोटाला विचारत होता, "पास आणलेस का?"

"आणले जी," मी मागून म्हणालो. "खेप येळेवर पोचली. तुमी म्हणले होते पास पोचले पायजेत. मी पोचलो पायजे असं करारात नाई."

या एका वाक्यासाठी मी ती थंडी पुन्हा सोसेन.

पण खिसा उघडेना. लाकडाच्या फळीचा खिसा कसा उघडणार? दिवाणजी म्हणाला, कोट शेकोटीजवळ ठेवा. मी म्हटलं, साहेब, नका. तो म्हणाला, मला शिकवू नकोस. ठेवला. तेल वितळलं. वितळलं ते सगळं आत शिरलं, खिशात, पासांत. बाहेर काढले तर एकेक पास पापडासारखा आरपार दिसणारा, शिक्क्याची जांभळी शाई पसरून सगळ्या चाळीस पासांवर एकच मोठा जांभळा ढग. नाक्यावर ते कोण मानणार? बंड्या पुन्हा उभ्या.

दिवाणजीचा चेहरा पडला. शेकोटीजवळ कोट त्यानंच ठेवायला लावला, हे चाळीस माणसांनी झाडावरून पाहिलं होतं. ठेकेदार विचारणार, हे त्यालाही कळत होतं. थंडीनं माझे दात वाजत होते.

"हा कोट कुणी केला?" त्यानं हळूच विचारलं.

मी सायकलीकडे पाहिलं. हिरवी, ओंडक्यांना टेकलेली. दोनच महिने उरले होते.

"इनायत शिंप्यानं," मी म्हणालो. "त्यानंच तेल पाजाले सांगतलं. कोणतं ते सांगतलं नाई."

दिवाणजीनं एकदम मोठा श्वास घेतला. "असं आहे होय," म्हणाला. आणि सगळं इनायतच्या डोक्यावर लिहिलं गेलं. त्याच आठवड्यात तंबूंचं काम, बंड्यांच्या पांघरुणांचं काम इनायतकडून काढून चांद्याच्या शिंप्याला दिलं. योग्यच केलं! शिंप्यानं नीट सांगायला नको? दोन वर्षं इनायत मशीन डोक्यावर घेऊन गावोगाव फिरला, सिरोंचापर्यंत गेला म्हणतात. फिरू दे. परत आला तेव्हा एकदा आमच्या कुडाबाहेर उभा राहिला. सायकल अंगणात होती, माझ्या नावाची झाली होती. तिच्याकडं पाहिलं, आणि काही न बोलता गेला. बोलणार काय? बोलायला तोंड हवं. मी पण हाक मारली नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि लोक उलट मलाच विचारतात, दसरूभाऊ, तुमी कायले रागावले, नुकसान त त्याचं झालं. त्यांना काय सांगू? म्हणून हे लिहिलं. खाली सही करतो, तारीख टाकतो, आणि कागद घडी करून पेटीत ठेवतो, म्हणजे माझ्यामागं कोणी वेगळं बोलायला नको: इनायत शिंप्यानं कोणतं तेल, ते सांगितलं नाही.

एवढं मी मोठ्यानं वाचलं. अमिनाबाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पायरीकडे वळली.

"बस अमिना," गुणाबाई म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून म्हणाली, "खोटं हाये."

वारलू हसला. "कोट चालला ते ना, बाई?"

"कोटाचं मले माहीत नाई. अस्वलाचंबी नाई. मी जंगलात नव्हती. पण दुकानात मी होती, डोक्यावर गाडगं घेऊन. 'जवसाचं तेल पाज, दसरूभाऊ, अन तीन दिवस ऊन दाखव,' असे म्हणले इनायतभाऊ. मंग माह्या गाडग्याकडं पाह्यलं अन म्हणले, 'हे नको घेजो, हे थिजते.' दोनदा म्हणले. सहा वर्सं तुमी तोंडानं सांगून राह्यले, मी ऐकून घेतलं, घरात सायकल होती. आता लिहून काऊन ठेवून राह्यले?"